वाफसा येऊ द्या

कुसुमबाईच्या पोटातल्या लेकराचं काय करायचं, हे दसऱ्याच्या जेवणानंतर जाहीर होणार होतं. घरात सगळ्यांना ते आधीच माहीत होतं. फक्त कुसुमबाईला कुणी विचारलं नव्हतं, आणि ज्या धाकट्या जावेच्या ओटीत ते लेकरू घालायचं होतं तिलाही नाही.

खरं तर सितारामच्या घरात दसरा म्हणायची सोय नव्हती. अठरा वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेला तो माणूस. 'धम्मचक्र प्रवर्तन दिन' असं पुरतं म्हणा, हा त्याचा हट्ट. सरजाबाई नवऱ्यासमोर तसं म्हणायची आणि त्याची पाठ वळली की सरळ दसरा म्हणून मोकळी व्हायची. झरीच्या बाजारात तेवढ्या वेळात भाजी संपते, असं तिचं म्हणणं.

तिची धाकटी बहीण बायनाबाई पाथरीहून एक दिवस आधीच येऊन बसली होती. सोबत काढ्याच्या मुळ्यांचं गाठोडं होतं आणि पोटात तयार निकाल. सरजाबाईच्या थोरल्या किशनरावला तीन पोरी, आता बायको कुसुमबाई सातव्यात. धाकट्या दत्तरावच्या लग्नाला सहा वर्षं झाली आणि पाळणा रिकामा. मग हिचं चौथं तिच्या ओटीत टाका, दोघी सुखी. दोन्ही बहिणींनी हे एका बैठकीत ठरवलं, चहा निवायच्या आत.

त्या संध्याकाळी चुलीवर पुरणाची डाळ शिजत होती. कुसुमबाई मोठ्या पळीने ती घोटत होती आणि पदराने डोळे पुसत होती.

"अक्का, रडायलाव का?" धाकट्या जावेने, सत्यशीलेने, गूळ चिरता चिरता विचारलं.

"कांदा झोंबायलाय."

"पुरनात कांदा?"

कुसुमबाईला हसू आलं आणि हसताना रडू जास्तच आलं. तिने पळी खाली ठेवली. बाहेर ओट्यावर दोघी म्हाताऱ्या बोलत होत्या, त्यांचा आवाज आत येत होता, म्हणजे आतला बाहेर जाणार हे ओळखून ती अगदी हळू बोलली.

"सत्या, तुला राग यील. पन मपलं लेकरू मला पायजे. चौथी पोरगी झाली तरी पायजे."

"मला न्हाई पायजे ते."

कुसुमबाई पटकन ताठ झाली. आत्तापर्यंत जे लेकरू द्यायचं नव्हतं, ते कुणी नको म्हणतंय हेही तिला सोसेना. "कामून? मपल्या लेकरात काय खोट हाय?"

"खोट न्हाई वो अक्का. एका घरात ऱ्हायचं. ते रडलं की तुमचा पान्हा फुटनार, आन मी त्याला मांडीवर घिऊन बसनार. तुमी मला बघून जळनार, मी तुमाला. त्यापरीस असंच बरं." सत्यशीलेने विळी बाजूला केली. "आन मला मपलं पायजे. झालं तर पोटचं. न्हाई झालं तर कुनाचं घ्यायचं ते मी सांगीन की. मावशीनं कामून सांगायचं?"

हे ऐकून कुसुमबाईचा सगळा राग गेला. सहा वर्षं या पोरीला तिने 'बिचारी' म्हणून वागवलं होतं. कधी मोठा तुकडा वाढला, कधी जड हंडा हातातून घेतला. बिचारीच्या मनात एवढं ठरलेलं असेल, हे तिला वाटलंच नव्हतं.

"एक सांगू का? मला बी हे तवा नकोच हुतं," ती म्हणाली. "आता पायजे. पन तवा लय जपलं हुतं मी."

"जपलं म्हंजी?"

कुसुमबाईने बाहेर कानोसा घेतला. धाकट्या पोरीला टोचायला दवाखान्यात नेली होती तेव्हाची गोष्ट. तिथली सिस्टर पाळणा लांबवायचं सांगत होती. गोळ्या, तांबी, ऑपरेशन. ऑपरेशनचं नाव निघताच कुसुमबाई पोरीला उचलून निघाली, तेव्हा त्या बाईने तिला बाजूला घेऊन बिनखर्चाची एक गोष्ट सांगितली.

"म्हनली, न्हाल्यावर सुरवातीचे काही दिस भेव न्हाई. मधला आठवडा मातर जपायचं, मालकाला लांब ठिवायचं. मंग फुडं पाळी यीपर्यंत पुना भेव न्हाई. पक्कं न्हाई म्हनली, चुकतं बी कवाकवा. पन अंगात बी तयार हुतं ते मधीच. तेवढ्याच दिसात लेकरू ऱ्हातं."

"मधीच?" सत्यशीलेचा गुळाचा हात थांबला. "न्हाल्याबरुबर न्हाई?"

"न्हाई ना. मी दोन वर्सं तसंच केलं. मधल्या दिसात पोट दुखतंय म्हनायचं, न्हाईतर पोरगी तापली म्हनायचं. काई झालं न्हाई बग."

"मंग हे?" सत्यशीलेने तिच्या पोटाकडे बोट केलं.

"हे आत्याबाईनं केलं," कुसुमबाई म्हणाली, आणि तोंडातून काय गेलं हे कळून तोंडावर पदर दाबून हसायला लागली.

तसं ते खरंच होतं. सितारामच्या तीन खणांच्या घरात दार लागेल अशी खोली एकच. जेवणं उरकली, भांडी उपडी पडली, की सरजाबाई ओट्यावर मशेरी लावता लावता कोण कुठे निजणार ते सांगायची. "किसन, तू बापाशी. पोरी मपल्यापाशी. दत्ता, आत." त्यावर कुणी अपील करत नसे. धाकट्या सुनेने पाळीच्या पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की पुढच्या तीन-चार रात्री खोली तिची. बाई न्हाली की कूस मोकळी होते आणि तेव्हाच लेकरू धरतं, हा कायदा सरजाबाईला तिच्या सासूकडून मिळाला होता. तेवढे दिवस संपले की खोली पुन्हा थोरलीची. सहा वर्षांत खोली चुकली नाही, दिवस चुकला नाही. लेकरू तेवढं झालं नाही.

"हरभरा काढायच्या टायमाला दत्ताभावजी परभनीला टरेनिंगला गेले हुते का न्हाई?" कुसुमबाई सांगायला लागली. "तुपल्या खोलीच्या राती रिकाम्या गेल्या. आत्याबाई म्हनल्या, खोली कामून रिकामी ठिवायची, किसन, तू जा. नेमके मपले मधले दिस. न्हाई कसं म्हनायचं? सासूला सांगू का, का मी दिस मोजायले म्हनून?"

सत्यशीला बोटांची पेरं मोजायला लागली. सातवी पास झालेली पोर, गणितात हुशार. आता ती मनातल्या मनात काहीतरी मांडत होती आणि तिचे ओठ हलत होते.

"अक्का, ज्या दिसाला तुमी भेता, मला तेच दिस पायजेत."

"हां."

"आन त्या दिसाला मी कुठं असते?"

"पोरीपाशी. भाईर," कुसुमबाई म्हणाली. आता तिचाही चेहरा बदलला. "आगं माय."

"आन मपली पाळी तर लांबते. महिन्याच्या वर जाती. म्हंजी मपलं मधलं आनखी फुडं सरकतं." सत्यशीला जवळ सरकली. लाजत लाजत, पण विचारल्याशिवाय राहवेना अशा आवाजात तिने विचारलं, "मधीच यक दिवस मला हितं, कुशीत चमक येती. आन त्याच्या आगं-मागं अंगावरून अंड्यातल्या पांढऱ्यावानी जातं, तार धरल्यासारखं. मला रोग वाटला. मावशीला सांगितलं तर त्यायनी बंद व्हायला काढा दिला."

"सिस्टर तेच म्हनली हुती! तसं दिसलं की जपायचं म्हनली. तेच दिस."

सहा वर्षं एका चुलीपाशी बसून, एकीला जे टाळायचं होतं आणि दुसरीला जे हवं होतं, ते एकच होतं हे दोघींना आत्ता कळत होतं. तेवढ्यात पुरण बुडाला लागल्याचा वास आला आणि बाहेरून सरजाबाई ओरडली, "दोघी मेल्याव का आत?"

सकाळी पांढरे कपडे घालून घर विहाराकडे निघालं. सिताराम पुढे, हातात फुलांची परडी. मागे दोघी म्हाताऱ्या, मग पोरी. दत्तराव आणि सत्यशीला मुद्दाम मागे राहिले. मुद्दाम म्हणजे सत्यशीलेची चप्पल तुटली होती, आणि ती तिने स्वतःच तोडली होती.

दत्तराव शेजारच्या गावात मास्तर. सायकलवर जाऊन-येऊन करायचा. पोरांना फुलाचे भाग शिकवायचा, पुंकेसर, स्त्रीकेसर, फळ्यावर रंगीत खडूने काढून. बायकोने वाटेत सगळं सांगितलं तेव्हा त्याचे कान लाल झाले. पण ऐकायचं त्याने सोडलं नाही. उलट दोनदा "थांब, पुन्यांदा सांग" म्हणाला.

"हे पुस्तकात असंल की," तो म्हणाला.

"मंग तुमी कामून वाचलं न्हाई?"

"सातवीच्या पुस्तकात फुलाचंच हाय. मानसाचं पान न्हाई."

सत्यशीलेला हसू आलं. दत्तराव मात्र हसला नाही. रस्त्यात चिखल होता. परतीचा पाऊस दोन दिवसांपूर्वी बदाबदा पडून गेला होता. तो चिखल चुकवत खाली बघून चालला होता, आणि खाली बघूनच बोलला.

"मला वाटायचं, दोष मपल्यातच हाय. माय म्हनली वैनीचं लेकरू घ्यायचं, तर मला बरंच वाटलं. म्हनलं, लेकरू आलं की कोन इचारायलंय, कुनाचं काय कमी हाय म्हनून."

"म्हनून गप बसलाव?"

"हां."

सत्यशीलेला राग आला आणि त्याची कीवही आली. सहा वर्षं हा माणूस रोज शेजारी जेवला आणि एवढं मनात धरून बसला. आपणही तेच केलं, हेही तिला आठवलं. "आवं, दोष कुनात हाय का न्हाई, हेच ठावं न्हाई अजून. आपुन येळंवर भेटलोच न्हाई तर कळायचं कसं?"

"खरं हाय." मास्तराला हे एकदम पटलं, उदाहरण सुटल्यावर पटतं तसं. "आन तरी बी झालं न्हाई तर दोघं जाऊ दवाखान्यात. मी बी तपासून घितो. तू यकलीच न्हाई." मग घाबरून म्हणाला, "पन मायला हे कोन सांगनार? मी सांगू?"

"तुमी सांगितलं तर ते तुमचं हुईल. मीच सांगते."

"मंग मी काय करू?"

"चप्पल धरा," ती म्हणाली, आणि अनवाणी पुढे निघाली.

वंदना झाली, पंचशील झालं, सितारामचं भाषणही झालं. ते दरवर्षी तेच असतं आणि दरवर्षी शेवटी त्याचा गळा भरून येतो. तिथून किशनराव घरी न जाता तसाच वावराकडे वळला. रब्बीची ज्वारी टाकायची होती, आणि शेजाऱ्याने सकाळीच पेरणीची तिफण काढली होती ते त्याने पाहिलं होतं. सरजाबाईही पांढरं लुगडं खोचून मागे निघाली. पोरगा घाई करेल याची तिला खात्री होती. जेवणाला शेपू हवा म्हणून तिने धाकटीला सोबत घेतलं.

वावर काळंभोर. बांधावरून पाय टाकला तर घोट्यापर्यंत रुतत होता.

"माय, उद्या टाकावं म्हनतो," किशनराव म्हणाला. "लोक पेरायलेत."

"लोकायला पेरू दे." सरजाबाई खाली वाकली. मूठभर माती घेतली, आवळली, आणि मूठ उघडून त्याला दाखवली. मातीचा गोळा तसाच, त्यावर बोटांचे वळ. "बग. फुटायलाय का? वाफसा कुठं हाय? चिखलात टाकलं की बी सडतं. वर आलं तरी पिवळं पडतं. पानी पडलं म्हंजी पेरनी न्हाई रं, पानी मुरलं म्हंजी पेरनी. तुपल्या बापाला बी मीच शिकवलं हे."

"दोन दिस?"

"दोन का चार, ते वावरच सांगन. रोज येऊन मूठ बगायची."

किशनराव मान हलवत पलीकडच्या बांधाकडे गेला. सरजाबाईने हात झटकला. शेपू खुडणारी सत्यशीला उभी राहिली. काल रात्रीपासून ती शब्द जुळवत होती, एकही जुळला नव्हता. आता तिच्या तोंडून जे निघालं ते न जुळवताच निघालं.

"आत्याबाई, मंग मपल्या बाबतीत तुमी कामून घाई करता?"

"आं?"

"न्हाले की लगेच खोली. पानी मुरायच्या आत."

सरजाबाईला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तिने आधी पोरगा ऐकत तर नाही ना, ते बघितलं. "लाज हाय का तुला? सनासुदीचं, बांधावर उभं ऱ्हाऊन काय बोलायलीस?"

"लाजत ऱ्हायले म्हनून सहा वर्सं गेली." सत्यशीलेच्या ओच्यातून शेपूच्या काड्या खाली पडत होत्या. पण आवाज टिकला. तिने सगळं सांगितलं. सिस्टर, मधला आठवडा, कुशीतली चमक, तार धरणारं पांढरं, काढा. कुसुमबाईचं नाव तेवढं तिने घेतलं नाही.

"थोरलीनं सांगितलं हे," सरजाबाई म्हणाली. ती म्हातारी होती, खुळी नव्हती. "म्हनून तिची पोरगी दर महिन्याला तापायची."

सत्यशीला पुन्हा शेपू खुडायला वाकली.

सरजाबाई बांधावर टेकली. तिला राग आला होता, पण रागापेक्षा दुसरंच काही जास्त आलं होतं. चाळीस वर्षं जी गोष्ट तिने कायदा म्हणून मानली आणि पाळायला लावली, ती कुणी कधी तपासली होती? सासूने सांगितलं, तिला तिच्या सासूने सांगितलं असेल. आपली सात बाळंतपणं ती आठवायला लागली. सिताराम तेव्हा खडीच्या कामाला असायचा, आठ-आठ पंधरा-पंधरा दिवस घरी नसायचा. आला की आला. तो कधी आंघोळीचा दिवस बघून आला होता? एकदासुद्धा नाही. आणि तरी सात.

"सिस्टर अजून काय म्हनली?" तिने विचारलं. आवाजात अजून जरब होती, पण प्रश्न खरा होता.

"पक्कं सांगता येत न्हाई म्हनली. कुनाचं आदी, कुनाचं मागून. ज्याच्या त्याच्या अंगावर हाय."

"म्हंजी समद्याच वावराला यकाच दिशी वाफसा येत न्हाई. हलक्या रानाला लौकर, भारी रानाला उशिरा." सरजाबाई स्वतःशीच बोलत होती. मग तिने मान वर केली. "तुपलं भारी रान हाय."

"मी काय वावर हाय का, आत्याबाई?" सत्यशीलेला एकदम भरून आलं. "कवाबी तिफण घालायची, उगवलं न्हाई की वावराला बोल लावायचा. मी मानूस हाय."

सरजाबाईने तिच्याकडे नीट बघितलं. आजवर तिने या सुनेला कामात बघितलं होतं, पंगतीत बघितलं होतं, दर महिन्याला तोंड पाडून न्हाणीकडे जाताना बघितलं होतं. असं समोर उभं राहून रडताना बघितलं नव्हतं.

"न्हाईस तू वावर," ती म्हणाली. "वावराला बोलता येत न्हाई, म्हनून मूठ बगावी लागती. तुला येतंय. आदी कामून बोलली न्हाईस?"

"तुमी इचारलं का कवा?"

सरजाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठली, खाली पडलेल्या शेपूच्या काड्या वेचल्या आणि सुनेच्या ओच्यात टाकल्या. "चल. पंगत खोळंबली आसंल," एवढंच म्हणाली. होकार दिला की नकार, ते सत्यशीलेला घरी पोचेपर्यंत कळलं नाही.

जेवणं झाली. पुरणपोळी झाली, खीर झाली, शेपू कमी पडला. सितारामने घसा साफ केला. बायनाबाईने त्याला रात्रीच पढवून ठेवलं होतं.

"आजच्या मंगल दिनी," सिताराम म्हणाला, "आपल्या घरात येक इचार झालाय. आपल्या धम्मात दानाला लय मोल हाय. तर किसनच्या घरी जे लेकरू येनार हाय, ते..."

"बा, आदी मला बोलायचंय," दत्तराव म्हणाला. त्याचा हात खिरीच्या रिकाम्या वाटीत थांबला होता. "ते लेकरू भाऊचं आन वैनीचं हाय. मला दान नको."

बायनाबाईने डोळे मोठे केले. "आरं, तुपल्याच भल्यासाठी चाललंय! किसन तर कबूल हाय. हाय का न्हाई रं किसन?"

"हाय की," किशनराव भिंतीकडे बघत म्हणाला. "तीन पोरी हायेतच. चौथी यकाच घरात ऱ्हानार. कुठं जायलीय?"

"चौथी?" दाराआडून कुसुमबाईचा आवाज आला. "आन पोरगा झाला तर?"

किशनरावने विड्याचं पान उचललं, पुन्हा ठेवलं. आता सगळेच त्याच्याकडे बघत होते, सितारामसुद्धा.

"आवं, बोला की. पोरगा झाला तर द्यायचा का?"

"ते... तवाचं तवा बगू म्हनलं हुतं," किशनराव पुटपुटला.

कुसुमबाई बाहेर आली. सातव्या महिन्याचं पोट, कमरेवर हात, सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर घसरलेला. या घरात तिचा आवाज कुणी एवढा मोठा ऐकला नव्हता. "म्हंजी पोरगी झाली तर दान, आन पोरगा झाला तर मपला! असं दान कुठल्या धम्मात हाय, मामंजी?"

सिताराम खरंच विचारात पडला. अठरा वर्षं तो भाषणं देत होता, पण इतका अवघड सवाल त्याला कुणी विचारला नव्हता. "न्हाई," तो शेवटी म्हणाला. "कुठंच न्हाई. मला हे ठावं नव्हतं, पोरी."

"मी देत न्हाई. पोरगा बी देत न्हाई, पोरगी बी देत न्हाई."

"आन मी घेत न्हाई," सत्यशीला तिच्या शेजारी येऊन उभी राहिली.

बायनाबाईने बहिणीकडे बघितलं. "आगं अक्का, बोल की! तुपल्या सुना तुपल्या डोक्यावर बसायल्यात. आपलं ठरलं हुतं का न्हाई?"

सरजाबाई सुपारी कातरत होती. तिने अडकित्ता थांबवला नाही. "ठरलं हुतं. मोडलं. लेकरू आईच्याच वटीत ऱ्हाईल."

"आन धाकटीचं? सहा वर्सं झाली!"

"सहा वर्सं मीच चिखलात पेरायला लावलं," सरजाबाई म्हणाली. पुरुषांना यातलं काही कळलं नाही, एक दत्तराव सोडून. त्याचे कान पुन्हा लाल झाले. बायनाबाई मात्र खुळ्यासारखी बघत राहिली. "आन बाये, ते तुपलं पांढरं बंद करायचं गाठुडं हाय ना, ते पाथरीला वापस ने. तिला काई रोग न्हाई."

"मपला काढा?"

"मागं चल, सांगते. लय सांगायचंय. मला बी समदं आजच कळलंय." आणि खरोखरच ती बहिणीला हाताला धरून परसात घेऊन गेली. दुपारभर दोघी तिथे कडुनिंबाखाली बसल्या होत्या. मधूनच बायनाबाईचा "काय सांगायलीस!" असा आवाज येत होता. संध्याकाळी एस.टी.त चढताना बायनाबाईने सत्यशीलेला जवळ घेतलं आणि कानात विचारलं, "ती कुशीतली चमक उजव्या अंगाला का डाव्या?" तिचीही एक सून होती पाथरीला.

त्यानंतर वाफसा आला. किशनरावने रोज मूठ बघितली, आणि एका सकाळी गोळा हातातून पडला आणि भुगा झाला. घर वावरात गेलं. तिफणीमागे किशनराव चालला, आणि बायकोकडे बघायची हिंमत नसल्यामुळे सरळ चालला, पेरणीची एकही ओळ वाकडी नव्हती. कुसुमबाई बांधावरच बसली. तिने नवऱ्याशी अजून धड बोलणं धरलं नव्हतं, पण भाकरी मात्र त्याच्या पुढ्यात नीट सोडून ठेवली.

मधे सत्यशीला बाजूला बसली होती, मग तिने पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं. त्या संध्याकाळी सगळ्यांनी आपोआप सरजाबाईच्या तोंडाकडे बघितलं. सरजाबाई मशेरी लावत बसली आणि काही बोलली नाही. सगळे कालच्याच जागी निजले. दुसऱ्या दिवशीही तसंच. खोलीत कुसुमबाई आणि पोरी. सिताराम बुचकळ्यात पडला. बायकोचं काही दुखतंय का, असं त्याने विचारूनही बघितलं.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी जेवणं उरकली, भांडी उपडी पडली. वावरात ज्वारीचे कोंब वर आल्याचं किशनराव कौतुकाने सांगत होता. दत्तराव कंदिलापाशी वह्या तपासत होता. कुसुमबाईने पोरींच्या वाकळा खोलीतून काढून बाहेर आणल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं, पण तिने आणल्या होत्या.

सरजाबाईने सवयीने तोंड उघडलं. "किसन, तू बापाशी. पोरी मपल्यापाशी. दत्ता..."

आणि ती थांबली. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा निजायच्या जागा सासू सांगायची. सासू गेल्यावर ती सांगायला लागली. विचारायचं कसं असतं ते तिला माहीत नव्हतं. तिने मशेरीचं बोट पदराला पुसलं आणि चुलीपाशी राख सारणाऱ्या धाकट्या सुनेकडे बघितलं.

"सत्यशीला, आज दत्तानं कुठं निजायचं गं?"

दत्तरावने वहीत तोंड खुपसलं. सत्यशीलेने हात कुशीवर नेला, थोडा वेळ तसाच ठेवला, जणू आत कुणाला तरी विचारत होती.

"भाईर, आत्याबाई," ती म्हणाली. "दोन दिस अजून."

"बरं," सरजाबाई म्हणाली. "दत्ता, भाईर. ती सांगंल तवा."